घाटाला पुरेल एवढी हवा

९ फेब्रुवारी

दादाने आज गाडीचं बॉनेट उघडलं.

एवढं लिहून वही मिटली तरी चालेल, इतकी ही मोठी बातमी आहे. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो अंगणात येतो तो मी मागे लागते म्हणून. खुर्चीत बसतो, कुंपणाकडे बघत राहतो आणि ऊन पायांवर आलं की आत चल म्हणून खूण करतो. आज चहा घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. बघते तर हा त्याच्या जुन्या एसयूव्हीच्या तोंडाशी उभा. काठी बंपरला टेकवलेली, उजवा हात लोंबतोय आणि डाव्या हाताने बॉनेटला दांडी लावतोय.

"अरे, पडशील!"

"नाही," दादा म्हणाला.

दादाकडे सध्या तीन शब्द आहेत. 'नाही', 'हं' आणि 'च्यायला'. बाकीचे शब्द आत शाबूत आहेत, त्यांना बाहेर यायची वाट सापडत नाही, असं स्पीच थेरपीच्या बाई सांगतात. (मी त्यांना मनातल्या मनात वाचाबाई म्हणते.) ऐकलेलं त्याला सगळं कळतं, असंही त्या ठासून सांगतात. मला कधीकधी शंका येते, कारण हो म्हणायचं असलं तरी तोंडातून 'नाही'च निघतं आणि मग स्वतःवरच चिडून तो 'च्यायला' म्हणतो. ज्या माणसाने ड्रायव्हिंग स्कूल काढून अर्ध्या गावाला गाडी शिकवली, शिकाऊंच्या शेजारी बसून जन्मभर 'क्लच, क्लच, अहो क्लच' केलं, त्याच्या वाट्याला शेवटी एक शिवी उरावी!

बॉनेटखालचा एक काळा डबा त्याने मला दाखवला. इंजिन ज्यातून हवा ओढतं तो. झाकण तडकलेलं, एक क्लिप तुटलेली. डब्यावर बोटाने टकटक केलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टकटक.

"हा बदलायचाय?"

"नाही," म्हणाला आणि मान मात्र जोरात हो अशी हलवली.

वर्षभर जागची न हललेली गाडी. तिचा डबा बदलून करायचंय काय? पण मी बरं म्हटलं. त्याला काहीतरी हवंसं झालंय, एवढं मला पुरे.

१२ फेब्रुवारी

लांबूदादा येऊन गाडी बघून गेला. हा दादाचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या दारातून वाकल्याशिवाय आत येऊ शकत नाही म्हणून लांबू. मला तो लहानपणापासून भिंगरी म्हणतो. बायको गेल्यापासून तोही एकटाच असतो. या दोघांनी त्या गाडीतून एकही डोंगर सोडला नव्हता.

नवी बॅटरी लावल्यावर गाडी खोकत खोकत सुरू झाली. लांबूदादा म्हणाला, "हा डबा कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. बाहेरचा कोल्ड एअर इनटेक बसवावा लागेल. म्हणजे कसं, बॉनेटमधली तापलेली हवा न घेता बाहेरची गार हवा इंजिनाला द्यायची. गार हवा कशी, घट्ट असते. एका घोटात जास्त..."

"लांबूदादा, मी हवामान खात्यात नोकरी करते. गार हवा घट्ट असते, हे तू मला शिकवतोस?"

दादा हसला. आवाज करून हसला. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होते, ती तशीच उभी राहिले. हलले तर हसू थांबेल असं वाटलं.

१६ फेब्रुवारी

साहेबांनी आज पुन्हा विषय काढला. घाटमाथ्यावरच्या वेधशाळेचं प्रमुखपद. मी महिन्यापूर्वीच नाही म्हणून सांगितलंय. "अजून दुसऱ्या कोणाचं नाव पाठवलेलं नाही," साहेब म्हणाले. "मार्च संपेपर्यंत थांबू शकतो."

नोकरीला लागले तेव्हापासून मला तीच जागा हवी होती. इथे दिवसभर दुसऱ्यांनी बघितलेल्या ढगांचे आकडे नकाशावर मांडायचे. तिथे ढग खिडकीतून आत येतात. पण आम्ही दोघं बिनलग्नाची भावंडं. घरात तिसरं कोणी नाही. मी वर गेले तर दादाचं कोण करणार? प्रश्नच मिटला.

मग साहेब जरा ओशाळून म्हणाले, "गेल्या आठवड्यात तुमच्या घरी फोन केला होता. तुमच्या भावाने उचलला. मला वाटलं तुम्हीच आहात, मी आपला बोलतच सुटलो. जागा, क्वार्टर, घाटातला रस्ता, तुम्ही नाही म्हणताय ते, सगळं. पलीकडून नुसतं हं, हं."

मला हसूच फुटलं. घरी येऊन दादाला विचारलं, "साहेबांचा फोन आला होता का रे?" तो "नाही" म्हणाला. त्याच्या 'नाही'वरून काही कळत नाही. आणि त्याचं लक्ष कुठे होतं? लांबूदादाच्या मोबाइलवर फिल्टरचे फोटो बघत बसला होता. कळलं असतं तर तोंडावर काहीतरी दिसलं असतं.

२० फेब्रुवारी

गाडीच्या सामानाचं दुकान. बाजारातल्या त्या गल्लीत मी पहिल्यांदाच गेले. दुकानदार म्हणजे तोंडाचा पट्टा नुसता. दादाला खुर्ची दिली, मला स्टूल दिलं, लांबूदादाला छताच्या पंख्यापासून लांब उभं केलं आणि काउंटरवर सामान मांडत गेला.

"हा बघा, उघडा. लाल कोन. डबा नाही, झाकण नाही, नळीच्या टोकाला सरळ फिल्टर. आवाज काय येतो महाराजा! पाय दिला की वाघ. हा दुसरा, लांब नळीचा. थेट बंपरच्या खालून हवा घेतो, सगळ्यात गार. आणि हा बंद डब्याचा. हेडलाइटच्या मागून हवा घेतो. पण खरं सांगू? हा म्हणजे साखर नसलेला चहा. आवाज नाही, गंमत नाही, म्हाताऱ्यांसाठी." मग दादाची काठी त्याला दिसली. "म्हणजे... घरगुती वापरासाठी."

"यातल्या कशाने गाडीची ताकद किती वाढते?" मी विचारलं.

"दुप्पट!"

मी पेन काढून आकडा लिहायला घेतला.

"बरं, दुप्पट नाही. पण जाणवते. थोडी. माणसावर असतं."

दादाने लाल कोन डाव्या हातात घेतला, फिरवला, त्याच्या घड्यांवरून अंगठा फिरवला. मांजराला कुरवाळावं तसं. मी तिथेच ठरवलं. बंद डब्याकडे तो पुन्हा पुन्हा बघत होता खरा, पण मी म्हटलं, मिळू दे त्याला वाघ. आवडला नाही तर महिन्याभरात परत घेईन असं दुकानदाराने कबूल केलंय.

२३ फेब्रुवारी

वाघ बसला. लांबूदादाने अंगणातच बसवला आणि मग दादाने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

माझ्या! मी ऑफिसला स्कूटरवरून जाते. गाडी दादानेच शिकवली होती, पण हा हत्ती मी एकदाच, तोही मोकळ्या मैदानात चालवलेला. "लांबूदादा चालवेल ना," मी म्हटलं. लांबूदादाची लगेच पाठ धरली. दुपारपर्यंत तर इंजिनावर ओणवा होता, तेव्हा काही धरलं नव्हतं.

दादा शेजारी बसला. शिकवताना बसायचा तिथेच. ॲक्सिलरेटर दाबला आणि असा काही आवाज झाला की मी स्टिअरिंग सोडून कान झाकले. मग पुढे चौकात गाड्यांची रांग, आमचा वाघ गुरगुरतोय, लोक वळून बघतायत, मी घामाघूम. दादाचे डोळे मात्र चमकत होते. जुने दिवस आठवले असतील. मग त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि डोकं हलवलं.

"नाही," म्हणाला. मानही तशीच हलली. म्हणजे खरंच नाही.

मला वाईट वाटलं. इतक्या हौसेने आणलेली वस्तू. वय झालं की आवाज सोसत नाही बहुतेक.

पण माझ्या परीने मी चाचणी केलीच. ऑफिसातून जुना तापमापक आणला होता, लांब तारेचा. त्याचं टोक फिल्टरजवळ बांधलं होतं. बाहेर एकोणतीस अंश आणि चौकात उभं असताना वाघ ओढत होता अठ्ठावन्न अंशांची हवा. नाव कोल्ड एअर आणि पोटात भट्टी. आकडा वाचून दाखवला तर दादाने डॅशबोर्डवर थाप मारली. 'च्यायला'ही म्हणाला. कौतुकाचं च्यायला होतं. हे मला ओळखता येतं.

२ मार्च

वाचाबाईंनी रागावून विचारलं, "हे काय चाललंय?" नेहमीची सफरचंद-पंखा-कुत्रा ही चित्रं दादाने बाजूला सारली आणि खिशातून फिल्टरची छापील माहितीपत्रकं काढून त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. हे काय आहे, सांगा. न... न..." दादा घामाने निथळला. "न... नळ..." आणि पुढे काही नाही. पण 'नळ'पर्यंत तरी आला! सफरचंदाच्या 'स'ला वर्षभरात शिवला नव्हता.

निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना काहीतरी सांगायचंय. नुसतं बोलायचं नाहीये, सांगायचंय. फरक असतो."

काय सांगणार? नळीविषयी असेल.

७ मार्च

लांबूदादा विसराळू व्हायला लागलाय. आज त्याची उशी आमच्याकडे राहिली. त्याच्या आधी रेडिओ राहिला, त्याच्या आधी फिरायला जायचे बूट. दुपारी गाडीचं काम करतो, मग माडीवरच्या खोलीत पडतो आणि सामान तिथेच टाकून जातो. मी म्हटलं, "लांबूदादा, एकदा डोकं तपासून घे." तो म्हणाला, "घेतो, घेतो," आणि दादाकडे बघून खोकला.

बरा आहे पण. काल ऑफिसातून यायला उशीर झाला तर दादाचा व्यायाम करून घेऊन, त्याला जेवायला वाढून, भांडीसुद्धा विसळून ठेवली होती.

१० मार्च

आज डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाय सुधारतोय, घरातलं बरंचसं त्याचं तो करू शकेल, पण गाडी चालवणं विसरा. उजवी बाजू तेवढी भरवशाची होणार नाही. हे त्यांनी मला एकटीला सांगितलं आणि घरी जाऊन दादाला सांगायचं काम माझ्यावर आलं.

वाटभर शब्द जुळवत होते. हा माणूस वर्षभराने उठून उभा राहिला तो या गाडीपायी. आणि मीच सांगायचं, की ती तुझ्यासाठी नाही.

शेवटी अंगणात त्याच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. डोळ्यांत पाणी आलं, माझ्याच. दादा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मारायचा तशी. मग हसला आणि ड्रायव्हरच्या शेजारची सीट बोटाने दाखवली.

त्याला नीट कळलं नाही बहुतेक. पुन्हा कधीतरी सांगावं लागेल. आज माझ्याच्याने होणार नाही.

१५ मार्च

वाघ परत गेला. आता निवड उरली लांब नळी आणि बंद डबा यांत. आकड्यांनी बघितलं तर लांब नळी. बंपरखालची हवा सगळ्यात गार, हे मीच दादाला चार मुद्द्यांनी समजावून सांगितलं. घाटाच्या तोंडाशी जो ओढा रस्त्याला आडवा जातो आणि ज्याचं पाणी पावसाळ्यात रस्त्यावरून वाहतं, तो मी हिशेबातच धरला नव्हता. धरायचं कारणही नव्हतं. घाटात जातंय कोण?

दादाने ऐकून घेतलं. मग टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे ओढला, त्यात सरबताची नळी बुडवली आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पाणी नाकातून आलं, लांबूदादा धावला, मी पाठ चोळली. आणि हा तांबड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघतोय, कळलं का, कळलं का!

कळलं. ओढ्यात नळी बुडाली तर इंजिन हवेऐवजी पाणी पिणार आणि तिथेच संपणार. "तोंडाने सांगता येत नाही म्हणून जीव देशील का?" मी ओरडले. तो मात्र परीक्षेत पास झाल्यासारखा बसला होता.

म्हणजे बंद डबा. साखर नसलेला चहा. त्यातही दोन प्रकार: एकाच्या फिल्टरला वरचेवर तेल द्यावं लागतं, दुसरा कोरडा, नुसता झटकला की झालं. दादाने तेलाचा दूर लोटला. एका हाताने तेलाचं कसं जमणार, तेही खरंच.

२१ मार्च

आजचा दिवस मोठा.

डबा आला. लांबूदादा पाने घेऊन पुढे झाला तर दादाने काठीने त्याला अडवलं आणि काठीचं टोक माझ्या दिशेने वळवलं.

"तू."

नवा शब्द! स्वच्छ, अख्खा, अडखळल्याशिवाय. मी वाचाबाईंना तिथूनच फोन लावला. त्यांनी दादाला फोनवर पुन्हा म्हणायला लावलं आणि तो म्हणाला, "तू, तू, तू," आणि प्रत्येक वेळी माझ्याकडेच बोट.

त्याचा हात चालत नाही आणि लांबूदादाची पाठ, म्हणून मग मी. जुना डबा सोडवला. हवा मोजणारा छोटा सेन्सर जुन्या नळीतून काढून नव्या नळीत लावला. बाण हवेच्या दिशेला ठेवायचा, एवढं लांबूदादाने सांगितलं, बाकी दादाने बोटाने. नखं काळी झाली, कोपर खरचटलं. क्लिपा लावल्या. हेडलाइटमागे हवेचं तोंड बसवलं. सगळं होऊन चालू केली तर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी उचक्या द्यायला लागली.

मी रडकुंडीला आले. "मी सांगत होते, मला नको सांगू!"

दादा डोळे मिटून उभा होता. कान इंजिनाकडे. मग डावा हात हळूहळू नळीवरून सरकवत नेला आणि एका जोडावर थांबला. ओठ हलत होते. "ग... गळ..." लांबूदादा काही बोलणार तेवढ्यात मी त्याचा हात दाबला. "गळ... ती. गळती."

त्या जोडाची क्लिप मी तिरकी बसवली होती. तिथून हवा आत शिरत होती. सरळ करून आवळली, उचक्या थांबल्या, दिवा लांबूदादाने गाडीला जोडायच्या त्याच्या छोट्या यंत्राने घालवला. गाडी इतकी शांत चालायला लागली की कुंपणावरच्या साळुंक्यासुद्धा उठल्या नाहीत.

सीट मात्र कोणीतरी इतकी पुढे घेऊन ठेवलीय आणि वर उशी टाकलीय, की माझे पाय नीट पोचतात पण लांबूदादाचे गुडघे हनुवटीला लागतील.

२३ मार्च

रोज थोडी चालवते. दादा शेजारी. दर वेळी चढाचा रस्ता दाखवतो. फिल्टरची खरी परीक्षा चढावरच होणार, हे मलाही पटतं. गिअर बदलायचा असला की डॅशबोर्डवर टिचकी मारतो. काल टिचकी पडण्याआधीच मी बदलला. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मान वळवली तरी मला त्याचा गाल दिसत होता, हसत होता.

२९ मार्च

नीट लिहायला हवं. राग आलाय की आणखी काही, ते लिहिताना कळेल.

लांबूदादा म्हणाला, शेवटची चाचणी घाटात. मी तयार झाले. दादा पुढे, लांबूदादा मागे आडवातिडवा. ओढा कोरडाच होता. तिथून चढ लागला. पहिल्या काही वळणांना माझा जीव मुठीत होता, मग गाडीने लय धरली. चढ वाढला तशी ती ओढत राहिली. चमत्कार वगैरे नाही. वर हवा विरळ होते आणि कुठलाही फिल्टर नवी हवा तयार करत नाही. पण तापमापक तारेच्या टोकाला जवळजवळ बाहेरच्याइतकंच तापमान दाखवत होता आणि धाप कुठेच लागली नाही. ना गाडीला, ना मला. एका अवघड वळणावर समोरून मालाचा ट्रक आला. मी थांबले, मागे घेतली, त्याला वाट दिली, पुन्हा चढाला लागले. दादाने टिचकी मारली नाही. मांडीवर हात ठेवून बसून होता.

माथ्यावर वेधशाळेचं फाटक आलं. "आत घे," लांबूदादा म्हणाला. "पाणी पिऊ."

फाटकावरचा पहारेकरी पुढे आला आणि मला म्हणाला, "नवीन बाई ना? साहेबांचा फोन होता, बघायला येणार म्हणून. क्वार्टर उघडून ठेवलंय."

मी मागे वळून बघितलं. लांबूदादा स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"साहेबांना कोणी सांगितलं?"

"मी," लांबूदादा म्हणाला. "म्हणजे, याने सांगायला लावलं. महिनाभर खुणा करून करून माझा जीव खाल्ला याने. बघायला येईल म्हणालो फक्त. घेते म्हणून नाही सांगितलं."

मग मी फाटकातच भांडले. पहारेकरी हळूच आत निघून गेला. "माझ्या नोकरीचं तुम्ही परस्पर ठरवता? मी काय लहान आहे? मला फसवून इथवर आणलंत? मला वाटलं, हा गाडीसाठी उठतोय, गाडीसाठी बोलतोय..."

"भिंगरे, गाडी कोणासाठी केली, वाटलं तुला? तो चालवणार होता का? मी मावतो का त्या सीटमध्ये?"

"आणि मी इथे आले तर याच्याजवळ कोण राहणार?"

लांबूदादाने हात जोडले. "माझी उशी कुठे आहे? माझा रेडिओ कुठे आहे? परवा गादी आणली, ती तुझ्या डोळ्यांदेखत माडीवर चढवली. तुला खरंच वाटलं, मी गादी विसरून गेलो?"

यावर हसू येत होतं आणि मला हसायचं नव्हतं. मी दादाकडे वळले. तो गाडीला टेकून उभा होता. वाऱ्याने त्याचे केस उडत होते.

"तू मला घालवायला बघतोस," मी म्हटलं.

"नाही." आणि मानही नाही.

"मग?"

तो शब्द शोधायला लागला. वाचाबाई सांगतात, घाई करायची नाही, शब्द पुरवायचा नाही. मी थांबले. त्याच्या कपाळावरची शीर फुगली.

"जा," दादा म्हणाला. "तू. जा."

"आणि तू?"

वर गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणारे पेले गरगर फिरत होते.

"मी," म्हणाला. "मी... आहे."

मी क्वार्टर बघितलं नाही. तोंड फिरवून गाडीत बसले आणि गाडी खाली आणली.

३० मार्च

राग उतरलेला नाही, पण त्याच्या खाली काय आहे ते आज दिसलं. दादाचं कारण पुढे केलं की मला दुसरं काही सांगावं लागत नव्हतं. घाट, एकटीचं घर, हाताखालची माणसं, सगळी जबाबदारी. त्याची भीती मला होतीच. मी काळजीपोटी नाही म्हणत होते, हे खरं आहे. घाबरून म्हणत होते, हेही खरं आहे. किती काय, ते मोजायला यंत्र नाही.

सकाळी दादासमोर बसले. "यापुढे माझ्याविषयी काही ठरवायचं असलं तर मला आधी सांगायचं. शब्द नसले तर पाणी नाकातून काढून दाखव, पण मला दाखव." तो "हं" म्हणाला. शरमला होता. लांबूदादाने दारातून डोकं काढून "हं" म्हटलं, त्याला मी आत जायला सांगितलं.

मग साहेबांना फोन केला. जागा अजून आहे का, विचारलं.

५ एप्रिल

सामान बांधतेय. दादा एका हाताने माझ्या पुस्तकांच्या खोक्यांवर चिकटपट्टी लावतोय, वाकडी. वाचाबाईंनी लांबूदादाला सगळे धडे समजावून दिले. लांबूदादाने मला फिल्टर झटकायला शिकवला. मी दादाला विचारलं, तेलाचा का नको म्हणालास? दादाने माझ्या नखांकडे बोट दाखवलं आणि नाक मुरडलं.

२२ एप्रिल

माथ्यावर आठवडा झाला. पहिले दिवस वाईट गेले. वाऱ्याने छप्पर वाजतं, नळाला सकाळी बर्फासारखं पाणी, हाताखालचे दोघे माझ्याकडे अजून पाहुणीसारखे बघतात. दोनदा खाली निघून जावंसं वाटलं. गाडी दारातच उभी आहे, मनात आणलं तर जाता येतं, म्हणूनच बहुधा गेले नाही.

आज सकाळची निरीक्षणं घेऊन आत आले तर फोन वाजला. घरचा नंबर. लांबूदादा असेल म्हणून उचलला. पलीकडे नुसता श्वास.

"दादा? तू? स्वतः लावलास?"

"हं."

"काय झालं? बरा आहेस ना? लांबूदादा कुठे आहे?"

"बा... जार." मग थांबला. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले आणि शब्द पुरवला नाही. "कपडे," दादा म्हणाला. "ओले. बाहेर?"

मी खिडकीशी गेले. पश्चिमेकडे ढगांची कड दाटत होती. वारा त्याच बाजूचा. खालच्या गावावर अजून स्वच्छ ऊन होतं.

"दुपारपर्यंत टाक बाहेर," मी म्हटलं. "जेवण झालं की आत घे. आज येणार आहे."

"बरं," दादा म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्याला काम होतं.